मशीन त्या दिवशी चालू होतं

श्वासबाई हे काही बाईंचं खरं नाव नव्हे. सरकारी दवाखान्याच्या एक्सरे विभागात त्यांनी बत्तीस वर्षं काढली आणि रोज शंभरदा तरी "श्वास धरा... सोडा" म्हटलं, म्हणून हे नाव पडलं. आधी वॉर्डबॉय पाठीमागे म्हणायचे, मग नर्स तोंडावर म्हणायला लागल्या, आणि पुढे बाईच फोन उचलून "हां, श्वासबाई बोलतेय" असं सांगू लागल्या.

अंगाने लहान चणीच्या, चाल भरभर, आवाज मात्र तीन खोल्या ओलांडून जाणारा. शिशाचा जड एप्रन अंगावर चढवला की मोठ्या डॉक्टरांनाही म्हणायच्या, "बाजूला व्हा साहेब, आता माझं वजन तुमच्यापेक्षा जास्त आहे." खोलीतल्या वस्तूला कोणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. मशीनवर धूळ दिसली तर झाडूवाल्याची खैर नसे.

आपल्या कामाचा बाईंना भारी अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत. "लोकांना वाटतं, फोटो बटण दाबून निघतो," त्या नव्या पोरींना सांगायच्या. "बटण माकडसुद्धा दाबेल. हात कसा ठेवायचा, किती वळवायचा, ते खरं काम. चुकीचा ठेवलात तर मोडलेलं हाडही साळसूद दिसतं." म्हणून कागदावर डॉक्टरने काहीही लिहिलेलं असो, बाई प्रत्येकाला आधी विचारायच्या, "कसं लागलं?" तो सांगे, सायकलवरून पडलो, फळी आदळली, जिना चुकला. त्याप्रमाणे बाई हात ठेवायच्या, आणि फोटो पहिल्या झटक्यात मनासारखा यायचा.

शहराच्या टोकाला फरशांचा मोठा कारखाना होता. तिथे दूरदूरच्या मुलखांतून माणसं कामाला आली, मागच्या मैदानात पत्र्याच्या खोल्यांतून राहू लागली, आणि बोटं चेपून, पाय भाजून बाईंच्या खोलीतही येऊ लागली. त्यांना इथली भाषा येत नव्हती. "श्वास धरा" म्हटलं की नुसते बघत राहायचे, छाती हलायची आणि फोटो वाया जायचा. हे बाईंना कसं खपावं? त्यांनी एकेकाला धरून त्याच्या त्याच्या भाषेत ते दोन शब्द शिकून घेतले. अशा सहा भाषा झाल्या. कारखान्याच्या भट्टीवर काम करणारा एक उंच माणूस होता, त्याने मात्र एकदा फोटोच्या ऐन वेळी हसून घोटाळा केला. मग हातवाऱ्यांनी आणि मोडक्यातोडक्या शब्दांत त्याने समजावलं, की गेले दोन महिने बाई त्याच्या गाववाल्यांना "श्वास धरा" नव्हे, "जीव सोडा" असं सांगत होत्या.

"तरीच मेले इतके घाबरून बघायचे!" म्हणून बाई एप्रनसकट खुर्चीत बसून हसल्या.

घरी नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली. मागच्या दोन खोल्यांत धाकटा दीर आणि जाऊ. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर अकरा वर्षांचा होता, आई नसलेला. त्याचे पाढे बाईंनी घेतले, गालगुंड झालं तेव्हा उशाशी बाई बसल्या, आणि पुढे कारखान्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशीचा डबाही बाईंनीच भरून दिला. आता तो पॅकिंग खात्याचा मुकादम होता. पोटच्या पोरासारखा, असं बाई कोणालाही सांगत.

त्या उन्हाळ्यात कारखान्याने एक पाळी बंद केली. दीडशे माणसं घरी बसली, सगळी इथलीच. कारखान्याच्या मालकाला जाब विचारायला कोणी गेलं नाही. चौकाचौकांत एकच बोलणं सुरू झालं: बाहेरचे आले म्हणून आपले गेले. भिंतींवर तसं लिहिलं गेलं, गाडीला भोंगा बांधून कोणी कोणी भाषणं करून गेलं. दीरही घरी जेवताना तेच बोलायचा. बाई म्हणायच्या, "अरे, तो भट्टीवाला ज्या आगीपुढे उभा राहतो तिथे तू पाच मिनिटं उभा राहशील का?" तो म्हणायचा, "वहिनी, तुला नाही कळायचं."

एका मंगळवारी दुपारी तीन वाजता, पाळी बदलायच्या वेळेला, काठ्या आणि सळ्या घेतलेला जमाव त्या पत्र्याच्या खोल्यांत शिरला.

साडेतीनला पहिली हातगाडी दवाखान्याच्या दारात आली. मग एक टेम्पो आला, मग आणखी एक. बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर, जमिनीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं बसली. कोणी मोठ्याने रडत नव्हतं, ते बाईंना सगळ्यात वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत चौतीस जण झाले. त्यात भट्टीवाला होता. त्याचा डावा हात कोपराच्या खाली लोंबत होता.

"कसं लागलं?" बाईंनी सवयीने विचारलं. भाषेची अडचण होतीच. त्याने चांगला हात उचलला, कपाळावर आडवा धरला आणि मान खाली घातली. जसं काही वरून कोणी मारतंय.

बाईंनी पुढच्याला विचारलं. त्यानेही तेच केलं. त्याच्या पुढच्यानेही तेच. वेगवेगळ्या मुलखांची, एकमेकांची भाषा न कळणारी माणसं, पण सगळ्यांनी हात तसाच वर धरून दाखवला. ज्याला दाखवता आलं नाही असा एकच जण होता. दोन भाऊ आले होते, त्यांतला थोरला. त्याला शुद्ध नव्हती. त्याच्या डोक्याचा फोटो काढताना बाईंना श्वास धरायला सांगावं लागलं नाही. तो तिसऱ्या दिवशी मोठ्या शहरातल्या दवाखान्यात वारला.

तातडीच्या विभागात त्या दिवशी एक सडपातळ तरुण डॉक्टर होता, नोकरीला लागून सहा महिने झालेला. पाचच्या सुमाराला त्याला वरून फोन आला. त्यानंतर बाईंकडे येणाऱ्या कागदांवर एकच ओळ दिसू लागली: परांची कोसळून उंचावरून पडल्याने.

बाई कागद घेऊन त्याच्याकडे गेल्या. "डॉक्टर, एका परांचीवर चौतीस माणसं? मिरवणूक काढली होती का वर?"

डॉक्टरने मान वर केली नाही. प्लॅस्टर भिजवता भिजवता म्हणाला, "बाई, सगळ्यांच्या टाचांचे आणि कण्याचेही फोटो काढा. उंचावरून पडलेल्यांचे काढायचेच असतात. नियम आहे."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

बाई मनातून चिडल्या. हातांचेच इतके, त्यात आता अडुसष्ट टाचा! पण नियम म्हटल्यावर बाईंनी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. एकेकाला आडवा करून, पाय धरून त्यांनी फोटो काढले. टाचा एकामागून एक पडद्यावर येत गेल्या, सगळ्या धडधाकट, आणि विसाव्या की एकविसाव्या टाचेला बाईंच्या डोक्यात उजेड पडला. परांचीवरून पडलेली माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. असा माणूस पायांवर आपटतो, टाच चिरते, कणा दबतो. इथे एकही टाच फुटलेली नव्हती, एकही मणका दबलेला नव्हता. मोडलेलं होतं ते हाताचं, कोपर आणि मनगटामधलं करंगळीच्या बाजूचं हाड, बरोबर मधोमध.

दाराच्या फटीतून त्यांनी त्या पोराकडे पाहिलं. तो खाली मान घालून प्लॅस्टर चढवत होता. लिहायचं ते त्याने सांगितल्यासारखं लिहिलं होतं, आणि जे लिहिलं ते खोटं पाडायची सोयही करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर आला. उजवा हात रुमालात गुंडाळलेला.

"दारात चेपला, वहिनी."

बाईंनी हात प्लेटवर ठेवला, वळवला, बटण दाबलं. पडद्यावर करंगळीच्या मुळाचं हाड गाठीपाशी वाकलेलं दिसलं.

"दारात चेपलं की बोटाचं टोक जातं," त्या म्हणाल्या. "हे हाड मूठ मारली की मोडतं."

दिराने रुमाल परत हाताला गुंडाळला. मग म्हणाला, "परांची पडली, वहिनी. पेपरात आलंय."

"तू कुठे होतास?"

"प्लॅस्टर घालायला सांग ना. दुखतंय फार."

बाईंनी फोटोवर नाव, वय, तारीख घातली, सगळ्यांच्या घालायच्या तशीच, आणि त्याला प्लॅस्टरकडे पाठवलं. त्या दिवशी आलेला डबा त्यांनी तसाच घरी नेला.

टीव्हीवर जिल्ह्याच्या साहेबांनी सांगितलं, की कोणावरही हल्ला झालेला नाही, दुर्दैवी अपघात आहे, आपल्या शहराची तशी रीत नाही, आणि अफवा पसरवणाऱ्यांची गय केली जाणार नाही. चौथ्या दिवशी, प्लॅस्टर ओलं असतानाच, त्या माणसांना गाड्यांत बसवून त्यांच्या त्यांच्या मुलखांत धाडून दिलं. त्यांच्याच सुरक्षेसाठी, असं सांगितलं. पत्र्याच्या खोल्या बुलडोझरने सपाट केल्या.

आणि मग अख्ख्या शहराने कानांवर हात ठेवले. भाजीवालीने ठेवले, शाळेच्या बाईंनी ठेवले, ज्यांनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं त्यांनीही ठेवले. "आपली माणसं असं करतील का?" जो तो म्हणे. श्वासबाई बाजारात पिशवी घेऊन उभ्या राहायच्या आणि त्यांची कानशिलं तापायची. मारणाऱ्यांचा राग आलाच होता. पण आपण डोळ्यांनी पाहिलेलं कोणी आपल्याच तोंडावर नाही म्हणावं, हा अपमान त्यांना जास्त झोंबला. हा त्यांच्या फोटोंचा अपमान होता.

महिनाभराने चौकशी लागली. परत गेलेल्या माणसांनी आपापल्या गावी जखमा दाखवल्या होत्या, तिकडे बोंब झाली, आणि एका निवृत्त न्यायमूर्तींना नेमावं लागलं. त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

"बाई, त्या दिवशी मशीन दुरुस्तीसाठी बंद होतं, असं दोन ओळींचं आहे. सही करा. इंजिनियरचं पत्र मी मिळवतो."

"बंद नव्हतं साहेब."

"निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुमच्या."

"ते मला पाठ आहे." बाई उभ्याच होत्या. "साहेब, हे मशीन माझ्या ताब्यात आहे. बंद असलं की मी दारावर पाटी लावते, एकतीस वर्षांत एकदाही चुकले नाही. त्या दिवशी पाटी नव्हती. मशीन चालू होतं, आणि चांगलं चालत होतं. दोनशेच्या वर फोटो काढले, एकसुद्धा परत काढावा लागला नाही. तुम्ही मला ते बंद होतं म्हणायला सांगताय?"

मोठ्या डॉक्टरांनी कागद खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी बाईंची बदली चादरींच्या कोठीत झाली. खोलीला दुसरं कुलूप लागलं, आणि संगणकातले त्या दोन दिवसांचे फोटो नाहीसे झाले.

पण बाईंच्या खोलीचा एक जुना शिरस्ता होता. दर शनिवारी आठवड्याच्या फोटोंची एक प्रत वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्यासाठी जायची. ती त्या शनिवारीही गेली होती. साहेब लोकांना हे ठाऊक नव्हतं, कारण बाई ते इतकी वर्षं न सांगता करत आल्या होत्या. न्यायमूर्तींच्या कचेरीतून विचारणा आली तेव्हा बाईंनी सरळ सांगितलं, प्रत कुठे आहे ते. कचेरीने त्या दोन दिवसांचे सगळे फोटो मागवले.

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो शर्टाच्या बाहीला शिवण घालत होता.

"सगळे फोटो मागवलेत. त्यात तुमच्या भावाचाही आहे."

मशीनचं चाक थांबलं. "तो एक वगळता नाही येणार?"

"विचारलंच नाही कोणी, तर आपणहून सांगायचं नाही, एवढं करता येईल. पण विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. एक लपवला, की बाकीच्या चौतीस जणांचे मी बनवलेत म्हणायला ते मोकळे."

नवऱ्याने शिवण पुरी केली. आठवडाभर तो पुढच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी झोपला. जाऊ येऊन पदर पसरून रडली. "ताई, तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंत हो."

"केलं," बाई म्हणाल्या. "पाढे चुकला तर मी तेव्हाही बरोबर म्हणत नव्हते."

जाऊ गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. दिराच्या लहानपणीचा, गालगुंडाने सुजलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना. बाई तिथेच जमिनीवर बसून पोटभर रडल्या, आणि मग उठून भांडी घासली.

साक्षीच्या दिवशी कचेरीची खोली गच्च भरली होती. दाराशी काही जणांनी "घरभेदी" म्हणून बाईंना ऐकवलं. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि चष्मा पुसून घेतला होता. सरकारी वकिलाने सुरुवातच केली, "तुम्ही डॉक्टर नाही."

"नाही. मी फोटो काढते."

"म्हणजे हाड कशाने मोडलं हे सांगायचा तुम्हाला अधिकार नाही."

"सांगायचा नाही. विचारायचा आहे. कसं लागलं हे विचारल्याशिवाय मी फोटो काढत नाही. शुद्धीवर असलेल्या प्रत्येकाला विचारलं. त्यांची भाषा मला येत नाही, म्हणून त्यांनी करून दाखवलं."

"काय करून दाखवलं?" न्यायमूर्तींनी विचारलं.

बाई खुर्चीतून उठल्या. डावा हात उचलून त्यांनी कपाळावर आडवा धरला, खांदे आवळले आणि मान खाली घातली. टाइप करणाऱ्याची बोटं थांबली होती.

"लिहा," न्यायमूर्ती हळू म्हणाले.

वकील म्हणाला, "ते सगळ्यांनी ठरवून केलं असेल."

"ठरवून हात वर करता येतो साहेब," बाई म्हणाल्या. "तेहेतीस जणांना ठरवून एकाच जागी हाड मोडून घेता येत नाही. आणि परांचीवरून पडले असतील, तर टाचा बघा. आहेत सगळ्यांच्या. एक तरी फुटलेली दाखवा, मी शब्द मागे घेते."

वकिलाने कागद चाळले. मग त्याला वाटलं की सापडलं. "हा पस्तिसाव्या माणसाचा फोटो. दुसऱ्या दिवशीचा. हा तर इथलाच माणूस. म्हणजे आपली माणसंही जखमी झाली होती. कोण हा?"

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "माझा सख्खा दीर. मला म्हणाला दारात चेपला. ते हाड दारात मोडत नाही, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं. कशाने मोडतं ते डॉक्टरांना विचारा, मला तो अधिकार नाही."

मागच्या बाकावर शिंपी बसला होता. तो येणार हे बाईंना माहीत नव्हतं. दुकानातून तसाच उठून आला होता, माप घ्यायची फीत गळ्यात होती. भावाचं नाव घेतलं गेलं तेव्हा आजूबाजूचे लोक त्याच्याकडे वळले. त्याने मान खाली घातली नाही.

घरी जाताना दोघं बरोबर चालले. मग तो म्हणाला, "तुझा आवाज अगदी मागेपर्यंत येत होता."

दुसऱ्या दिवशी त्या सडपातळ डॉक्टरने साक्ष दिली आणि फोन कोणाचा होता तेही सांगितलं. मग धीर येऊन एकोणीस मजूर साक्षीला परत आले. भट्टीवाल्याने साक्षीपूर्वी बाईंना चादरींच्या कोठीत शोधून काढलं आणि आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगितलं. बाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण त्या त्यावर "हो, हो" म्हणत राहिल्या, आणि दोघंही खूश होते.

आठ महिन्यांनी अहवाल आला. जाडजूड होता, बाईंनी त्यातली एकच ओळ वाचून घेतली: "जखमा पडून झालेल्या नाहीत, मारहाणीच्या आहेत." जिल्ह्याचे साहेब दुसरीकडे बदलून गेले, चूक झाली, असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. पुढे खटला चालला, अकरा जणांना शिक्षा झाली, त्यात दीर एक. दीड वर्ष. जाऊ मागचं दार वापरू लागली आणि बाईंशी अजूनही बोलत नाही. बाई तिचं सामान मात्र आणून दारात ठेवतात, आणि ती ते उचलून घेते.

निवृत्तीआधी पाच महिने बाईंना त्यांची खोली परत मिळाली. त्या सकाळी त्या आल्या, तेव्हा नर्स, वॉर्डबॉय, झाडूवाला, सगळे व्हरांड्यात उभे होते. कोणी भाषण केलं नाही. झाडूवाला तेवढं म्हणाला, "धूळ काढलीय बाई, बघून घ्या." बाईंनी बोट फिरवून बघितलं, आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

बाजारात अजून कोणी कोणी म्हणतं, "ती परांचीच पडली होती हो." बाई पिशवी खाली ठेवून म्हणतात, "नाही. मारलं होतं. मी होते तिथे." आणि भाजी निवडू लागतात.

परवा दुकानात एक नवं गिऱ्हाईक आलं. माप देता देता त्याने शिंप्याला विचारलं, "सख्ख्या भावाला आत पाठवणारी ती बाई तुमचीच का हो?"

"होय, माझीच," शिंपी म्हणाला. "मान सरळ ठेवा, कॉलर वाकडी येईल."